चार रिकाम्या मात्रा

आवाज जाणार असला की तो आधी हळू सुरांतून जातो, असं माझे वडील म्हणत. मोठे, खणखणीत सूर शेवटपर्यंत साथ देत राहतात, त्यामुळे गाणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि ऐकणाऱ्यांना तर नाहीच नाही. वडील तरुणपणी एका संगीत नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत. पुढे बोलपट आले, कंपनी बसली आणि ते सांगलीत एका शाळेत कारकून झाले, पण कान तसाच राहिला. मंडईत भाजीवालीची हाक ऐकून म्हणत, "हिला चार दिवस बोलू देऊ नका." तो कान थोडासा माझ्याकडे आला होता. म्हणून पुढे जे झालं त्याला माझ्याजवळ सबब नाही. मला ऐकू आलं होतं. सगळ्यांच्या आधी ऐकू आलं होतं आणि मी गप्प बसलो. आणि मग जिथे गप्प बसायचं तिथे ओरडलो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी विजेच्या इंजिनियरिंगचं पुढचं शिक्षण घ्यायला स्टुटगार्टला गेलो. खोली मिळाली ती टेकडीच्या उतारावरच्या एका तिमजली घरात, अगदी वरची. रस्त्यापासून दारापर्यंत दगडी पायऱ्या होत्या, त्या मोजायचा नाद मी दुसऱ्याच दिवशी सोडला. घरमालकीण बाई साठी ओलांडलेल्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्या दिवशी मला दोन गोष्टी सांगितल्या: खोलीत कांदा तळायचा नाही आणि आपली पाळी आली की जिना झाडून पुसून काढायचा. त्या पाळीला तिकडे केरवोखे म्हणतात. नावातच केर, म्हणून मला ते लक्षात ठेवायला सोपं गेलं. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकायची आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत जिना चकचकीत झाला नाही, तर आजी काही न बोलता स्वतः पुसायला घ्यायच्या. ती शिक्षा शिव्यांपेक्षा वाईट होती. हो, मी त्यांना आजी म्हणायला लागलो होतो. अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नातू कुठून येणार?" आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

तो फोटो त्यांच्या मुलाचा. गणवेशातला, विशीही न गाठलेला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि पुठ्ठ्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांना दोरा ओवायची भोकं. ती भोकं कशाला, हे मला फार नंतर कळलं.

आजींची मुलगी माझ्याहून आठेक वर्षांनी मोठी होती. पहिल्यांदा ऐकला तो तिचा आवाजच. सोमवारची सकाळ होती. तळघरात कपडे धुवायची खोली होती, तिथून एक बाईचा सूर वर चढत आला आणि चढता चढता एकदम उलटला. छातीतला सूर सोडून टाळूतला धरला, परत खाली, परत वर. मला वाटलं, घसरली. पण दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी. अशी तान मी आयुष्यात ऐकली नव्हती. मी बनियनवरच जिने उतरून खाली गेलो. तांब्याच्या मोठ्या हंड्यात ती लाकडी दांडक्याने चादरी ढवळत होती.

"माफ करा, हेर इंजिनियर," ती म्हणाली, "फार आवाज झाला का?" हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत.

"पुन्हा एकदा म्हणा ना," मी म्हणालो.

मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तेव्हा ते दोघांनाही गमतीचं वाटलं.

पुढे मी त्यांना ताई म्हणू लागलो. ताई गायच्या ती अमेरिकन कंट्री गाणी. युद्ध संपलं तेव्हा त्या सतरा-अठरा वर्षांच्या होत्या आणि टेकडीपलीकडच्या अमेरिकन छावणीत त्यांना इस्त्रीघरात काम मिळालं. तिथे दिवसभर सैनिकांचा रेडिओ चालू असायचा. गिटार, फिडल आणि नाकातून गाणारी माणसं. आगगाड्या, तुरुंग, दारू आणि लांब राहिलेली आई. ताईंना इंग्रजी येत नव्हतं. जसं ऐकू आलं तसं त्यांनी जर्मन अक्षरांत लिहून घेतलं आणि सदऱ्यांच्या कॉलरवर इस्त्री दाबता दाबता पाठ केलं. एक दिवस एका सार्जंटाने दारात उभं राहून ऐकलं. त्याला पुढे मायदेशी पाठवलं, पण तोवर ताई छावणीतल्या क्लबात उभ्या राहिल्या होत्या. मापाला मोठे बूट, बोळे कोंबून घातलेले, डोक्यावर उधारीची हॅट. दहा वर्षांत जवळपासच्या सगळ्या छावण्यांत त्यांचं नाव झालं. टेनेसीतली, केंटकीतली धिप्पाड पोरं त्यांच्यासमोर बसून नाक पुसत. शेजारणी मात्र जिन्यात भेटल्या की भिंतीकडे बघत. अमेरिकनांपुढे नाचणारी, इतकंच त्यांच्या लेखी. घर त्या गाण्यावर चालत होतं, हे आजींनी कधी शेजाऱ्यांना सांगितलं नाही, आणि गाणं बंद कर असंही ताईंना कधी म्हटलं नाही.

सगळी गाणी दुसऱ्यांची होती, एक सोडून. ते एक ताईंनी स्वतः रचलं होतं. त्यात एक आई रेल्वेच्या फलाटावर उभी आहे. रशियाच्या कैदेतून सुटलेल्या सैनिकांची गाडी येते आणि ती गळ्यात मुलाचा फोटो बांधून प्रत्येक उतरणाऱ्याला विचारते, ह्याला पाहिलंत का? गाडी रिकामी होते. गाणं ऐकलं त्या दिवशी मला भिंतीवरच्या पुठ्ठ्याची भोकं समजली. आजी कित्येक वर्षं प्रत्येक गाडीला गेल्या होत्या. शेवटची गाडी येऊन गेल्यावर त्यांनी दोरा काढला आणि फोटो भिंतीवर लावला.

गाण्याच्या शेवटी शब्द नव्हते. ताई आणि त्यांचा भाऊ लहानपणी आजोबांकडे डोंगरात गुरं राखायचे, एक ह्या उतारावर, एक त्या. तेव्हा ते एकमेकांना जी साद घालायचे, ती साद ताई शेवटी घालायच्या. तोच उलटणारा सूर. मग साथीदार हात उचलायचे आणि चार मात्रा पूर्ण रिकाम्या जायच्या. समोरच्या उतारावरून उत्तर यायला लागणारा वेळ. उत्तर येत नाही. मग एक स्वर वाजतो आणि गाणं संपतं. त्या चार मात्रांत मी तीनशे सैनिकांना श्वास धरून बसलेलं पाहिलं आहे.

मी तिथे जायचो तो अँप्लिफायरवाला म्हणून. त्यांचा अँप्लिफायर घरघरायचा, मी तो उघडून नीट केला आणि मग दर कार्यक्रमाला मला नेणं त्यांना सोयीचं झालं. मंचाच्या कडेला, पडद्याआड, माझं स्टूल. मांडीवर आडवी स्टील गिटार घेऊन वाजवणारा एक मध्यमवयीन गृहस्थ होता, युद्धानंतर पूर्वेकडच्या सायलेशियातून निर्वासित होऊन आलेला. तो दर वाक्याआधी 'आल्झो', म्हणजे 'तर मग', लावायचा; मला म्हणायचा, "आल्झो, तुमच्यामुळे आता तिला ओरडावं लागत नाही." मला फार बरं वाटायचं.

पण दुसऱ्या हिवाळ्यात मनात पाल चुकचुकली. ताई जोरात गायच्या तेव्हा सगळं ठीक होतं. एखादी ओळ हलक्याने, वरच्या सुरात उचलायची असली की सुरुवातीला नुसती हवा यायची, केसभर, आणि मग सूर. पुढच्या महिन्यात त्यांनी त्या ओळी जोरात म्हणायला सुरुवात केली. सैनिकांना वाटलं रंग चढला. मला वडिलांचं वाक्य आठवलं. सांगावं का? मी चोवीस-पंचवीस वर्षांचा, परका, भाडेकरू. बाईला तोंडावर कसं सांगायचं की तुमचा आवाज जायला निघालाय? मी काय केलं, तर मायक्रोफोन चार बोटं जवळ आणला आणि आवाजाचं बटण थोडं पुढे फिरवलं. रोग्याला औषध न देता उशी बदलावी, तसं.

त्याच हिवाळ्यातली एक शनिवार दुपार मला विसरायची आहे आणि विसरता येत नाही. माझी केरवोखे होती. मी पायऱ्यांवरचं बर्फ झाडत होतो, ताई वरच्या पायरीवर कोटात हात घालून बसल्या होत्या. आमच्याकडच्या नाटकांबद्दल त्यांनी विचारलं आणि मला तर तेवढंच हवं होतं.

"आमच्याकडे पद आवडलं की प्रेक्षक ओरडतात, वन्स मोअर! मग नाटक तिथेच थांबतं आणि नट तेच पद पहिल्यापासून म्हणतो. मेलेला राजासुद्धा उठतो, पद म्हणतो आणि पुन्हा मरतो."

"इंग्रजीत ओरडतात?"

"इंग्रजीतच. ज्याला इंग्रजीचं अक्षर येत नाही तोही."

ताई पोट धरून हसल्या. "आणि गाणारा काय करतो?"

मी झाडू खाली ठेवला आणि करून दाखवलं. कमरेत थोडं वाकून, उजवा हात कपाळाला लावून प्रेक्षकांना मुजरा. मग वडिलांच्या कंपनीतल्या मुख्य नटाची गोष्ट सांगितली. अंगात ताप असताना त्याने एका रात्रीत एकाच पदाला सहा वन्स मोअर घेतले होते, आणि वडिलांची ऑर्गनवरची बोटं सुजली होती.

"नाही म्हणता येतं का?" ताईंनी विचारलं.

"येतं. पण कुणी म्हणत नाही. मायबाप रसिकांना नाही कसं म्हणायचं?"

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. अगदी बरोबर.

त्या गोष्टीला उत्तरार्ध आहे. पुढच्या गावी त्या नटाच्या तोंडून शब्द फुटला नाही आणि नंतर उरलेली दहा-बारा वर्षं त्याने कंपनीची तिकिटं विकली. तो भाग मी सांगितला नाही. इतक्या छान गप्पांत मोडता कशाला घालायचा?

फेब्रुवारीत ताई डॉक्टरकडे गेल्या. परत आल्या त्या गळ्यात शाळकरी मुलांची दगडी पाटी अडकवून. स्वरतंतूंवर गाठी झाल्या होत्या. सहा आठवडे एक शब्दसुद्धा बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही; मग बघू. घर आधीच शांत होतं, ते आता इतकं शांत झालं की मला माझ्या मोज्यांचा आवाज ऐकू यायचा. सकाळी तळघरात फक्त चादरी ढवळल्याचा आवाज. पाटीवर पेन्सिल करकरली की आजी हातातलं काम थांबवायच्या. एकदा ताईंना शिंक आली तर आजी स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि मुलीच्या गळ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मुलाचा आवाज रशियात कुठेतरी बंद झाला होता, आणि आता ही.

आणि नेमकं त्याच सुमारास ड्युसेलडॉर्फहून पत्र आलं. तिथल्या एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने कुणा अमेरिकन अधिकाऱ्याकडून फलाटावरच्या गाण्याबद्दल ऐकलं होतं. मार्चअखेरीस तो स्टुटगार्टला येणार होता, त्या रविवारी दुपारी क्लबात त्याला ऐकायचं होतं. आवडलं तर रेकॉर्ड. ताई पस्तिशीकडे चालल्या होत्या, छावण्यांत आता तरुण मुली गाऊ लागल्या होत्या. हे जमलं नाही तर पुन्हा इस्त्रीघर, हे न लिहिताही पाटीवर दिसत होतं.

डॉक्टर आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, जायचंच असेल तर चार गाणी. मायक्रोफोन जवळ, आवाज हलका. प्रत्येक गाणं एकदाच. "एकदाच" हा शब्द ताईंनी आम्हाला पाटीवर लिहून दाखवला आणि खाली दोन रेघा मारल्या. आजी एवढंच म्हणाल्या, "विषाची परीक्षा आहे ही." पण बूट त्यांनीच घासले.

मी पूर्ण तयारीनिशी कामाला लागलो. नवीन व्हॉल्व्ह घालून अँप्लिफायर असा केला की ताईंनी निःश्वास टाकला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावा. कार्यक्रमाची फीत असावी म्हणून ब्राउनश्वाइगला शिकणाऱ्या माझ्या कोल्हापूरकर मित्राचा टेपरेकॉर्डर मागवला. तो ते धूड स्वतः गाडीतून घेऊन आला, दाखवलं कसं लावायचं, आणि जाताना म्हणाला, "आल्झो, हे बघ. एकदा सुरू केलंस की हात लावू नकोस. आणि तोंड बंद ठेव. माइक सगळं ऐकतो, तुझं पण ऐकेल."

"मी काय लहान आहे का?" मी म्हणालो.

रविवार उजाडला तो धुक्यात. छावणीच्या फाटकापाशी समोरचा माणूस दिसत नव्हता. क्लबात मात्र लख्ख दिवे, सैनिक बायकामुलं घेऊन आलेले, मुलांच्या हातात रंगीत सरबतं. रेकॉर्ड कंपनीचा माणूस दुसऱ्या रांगेत ओव्हरकोट न काढता बसला होता, हॅट मांडीवर. त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. ताईंनी पाटी घरी ठेवली होती. आज तिची गरज नव्हती.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. सहा आठवड्यांच्या विश्रांतीने आवाज धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ आला होता. हळू सूर परत आले होते. मी तिसऱ्या गाण्यात मुद्दाम कान देऊन ऐकलं. वरची ओळ हलकेच उचलली आणि हवा नाही, सरळ सूर. माझा जीव भांड्यात पडला. गिटारवाल्याने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

मग फलाटावरचं गाणं. ते मी निदान पन्नासदा ऐकलं असेल. त्या दिवशी जसं झालं तसं आधी कधीच झालं नव्हतं. हलक्या आवाजात गायचं बंधन होतं म्हणूनच झालं असेल. ती आई रडत नव्हती, ओरडत नव्हती, ज्याला त्याला अदबीने विचारत होती. गाडी रिकामी झाली. ताईंनी डोळे मिटले आणि साद घातली. सूर वर गेला, उलटला, क्लबाच्या लाकडी छताला लागून परत आला. साथीदारांनी हात उचलले. पहिली मात्रा गेली.

दुसऱ्या मात्रेला माझं तोंड उघडलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी ठरवलं नव्हतं, माझ्या मनातही नव्हतं. सांगलीच्या नाट्यगृहात वडिलांच्या मांडीवर बसून जे शिकलो ते घशातून बाहेर पडलं, तसंच्या तसं, पिटातल्या प्रेक्षकासारखं:

"वन्स मोअर!"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागच्या रांगेतला एक सैनिक हसला आणि तोही ओरडला. मग दुसरा. मग टेबलांवर मुठी आपटत अख्खा क्लब ओरडायला लागला, मुलंसुद्धा. जर्मन प्रेक्षक असते तर त्यांनी वेगळं एखादं गाणं मागितलं असतं. पण मी मागितलं होतं ते हेच, पहिल्यापासून, आणि माझ्याच शब्दांत तीनशे माणसं तेच मागत होती.

गिटारवाल्याने ताईंकडे बघून मान हलवली. नाही. मी पडद्याआडून दोन्ही हात हलवत होतो, नको, नको. ताईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या हसल्या. कमरेत थोडं वाकून त्यांनी उजवा हात कपाळाला लावला. पायऱ्यांवर, बर्फ झाडताना, मी शिकवला होता अगदी तसा मुजरा.

दुसऱ्यांदा सगळं नीट चाललं होतं. म्हणजे इतरांच्या कानाला. हळू ओळी किंचित जोरात येऊ लागल्या होत्या. हे फक्त मला ऐकू येत होतं, आणि माझ्या हातात बटण होतं, त्याचा काही उपयोग नव्हता. सादेपाशी आल्या. सूर छातीतून उठला, वर चढला, उलटायच्या जागी आला आणि तिथे काहीच नव्हतं. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताठ, आवाज नाही. साथीदारांनी सवयीने हात उचलले. चार मात्रा रिकाम्या गेल्या. एक स्वर वाजला. गाणं संपलं.

आणि लोक उभे राहिले. त्यांना वाटलं गाण्यातच तसं आहे, की दुसऱ्यांदा त्या आईने हाकसुद्धा मारली नाही. बायका डोळे पुसत होत्या. रेकॉर्ड कंपनीचा माणूस उभा राहून, हॅट बगलेत धरून टाळ्या वाजवत होता. मला टाळ्या इतक्या किळसवाण्या कधी वाटल्या नाहीत.

ताई पडद्याआड आल्या. तोंड उघडलं, मिटलं. पाटी घरी होती. त्यांनी माझ्या खिशातली पेन्सिल काढली आणि फितीच्या खोक्यावर एक शब्द लिहिला: गेला.

तंतूवर रक्त साकळलं होतं. पुढे शस्त्रक्रिया झाली, उन्हाळ्यात त्या बोलू लागल्या. रवा चाळताना येतो तसला आवाज. बोलायला पुरला, गायला नाही. दरम्यान ड्युसेलडॉर्फहून पत्र आलं होतं, फार कौतुकाचं, स्टुडिओत कधी येता म्हणून. गिटारवाल्याने आणि मी विचार केला की गळा नसला तरी फीत आहे. पहिल्या वेळची फीत तर सोन्यासारखी आहे. ती पाठवली. उत्तर आलं: गाणं अप्रतिम आहे, पण त्याचा सगळा प्राण त्या शांततेत आहे आणि शांततेत कुणीतरी ओरडतंय. ते काढता येईल का?

मी तीन आठवडे ब्लेड घेऊन त्या फितीवर बसलो. इंजिनियर होतो ना मी. पण ताईंची साद छतात अजून घुमत होती तेव्हाच मी ओरडलो होतो. फितीच्या त्याच दोन वितींत तिचा शेवट आणि माझा आवाज एकमेकांत मिसळले होते. मूळ फितीला ब्लेड लावायचा धीर झाला नाही. दुसऱ्या यंत्रावर नकला काढून त्या कापल्या. माझा आवाज कापला की सादेचा गळा कापला जायचा. एक नकल तशीच पाठवली. ती परत आली, सोबत दोन ओळींची दिलगिरी.

त्या दिवशी मी ताईंना उरलेली गोष्ट सांगितली. त्या नटाचा आवाज गेला होता, तो तिकिटं विकायचा, हे सगळं मला ठाऊक होतं. त्यांचे हळू सूर जात होते तेही मी हिवाळ्याच्या सुरुवातीलाच ऐकलं होतं. सगळं सांगितलं. मला शिव्या हव्या होत्या. ताई इस्त्री करत होत्या. छावणीतले सदरे आता घरी यायचे. त्यांनी एक कॉलर पुरी केली, सदरा घडी घालून ठेवला आणि त्या चाळणीतल्या आवाजात म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतं, हेर इंजिनियर." आणि पुढचा सदरा घेतला. ह्या विषयावर त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.

मी खोली सोडायचं ठरवलं. दुसरीकडे सोय झाली होती, तसं आजींना सांगायला शनिवारी खाली उतरलो. त्यांची पाळी होती. मधल्या जिन्यावर बादली आणि फडकं तसंच टाकलेलं. असं त्या कधी करत नसत. दार उघडं होतं. मित्राने टेपरेकॉर्डर परत नेला नव्हता, तो बैठकीच्या खोलीत होता, आणि आजी त्याच्यासमोर फोटोखालच्या खुर्चीवर ओल्या हातांनी बसल्या होत्या. यंत्राला हात न लावणारी बाई ती. फीत चालू होती. गाडी रिकामी झाली, साद आली आणि त्यावर माझा आवाज: वन्स मोअर. आजींनी वाकून बटण दाबलं, फीत थोडी मागे नेली. साद. माझा आवाज. पुन्हा मागे.

"आजी," मी म्हणालो, "नका ऐकू ते. मी पुन्हा प्रयत्न करतो. काढून टाकतो मी तेवढं."

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. वळल्या नाहीत. "इतकी वर्षं हाकेनंतर तिथे काहीच यायचं नाही. आता कुणीतरी ओरडतं. कुणी का असेना."

स्वयंपाकघरातला इस्त्रीचा आवाज थांबला. ताई दारात आल्या, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पदराला पुसावेत तसे एप्रनला हात पुसत त्या यंत्रापाशी गेल्या. आईला नीट जमत नव्हतं म्हणून त्यांनी स्वतः फीत थेट गाण्याच्या सुरुवातीपर्यंत मागे नेली आणि लावली. मला जाता आलं असतं. मी तिथेच उभा राहिलो, माझा आवाज येईपर्यंत.